चि. मृणालला, लुवेनच्या पत्त्यावर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता मी फोन ठेवून दिला, त्याबद्दल आधी तुझी क्षमा मागतो. ब्रुसेल्सच्या नोकरीविषयी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही, असे तुझ्या आईला कबूल करून बसलो आहे. तू गेल्यापासून मी बेल्जियमचे एकेकाळचे पंतप्रधान ओग्युस्त बेर्नार्ट यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो, कारण तुझ्याच लुवेनच्या विद्यापीठातून ते १८५१ मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले. तेव्हा त्यांच्याविषयीच लिहावे म्हणतो.

त्यांचा जन्म १८२९ चा, ऑस्टेंडचा. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे बालपण नामूरला गेले आणि मुलाला विद्यापीठापर्यंत तयार करून पोचवले ते आईने. हे वाचताना पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्या आठवल्या. स्टोव्ह विझवून तुझी आई तुझी उजळणी घेत असे आणि दादा पलंगाखालून मुद्दाम चुकीची उत्तरे सांगत असे. बेर्नार्ट १८५३ पासून वकिली करू लागले, करविषयक कायद्यात त्यांनी नाव कमावले, १८७३ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री झाले आणि १८८४ ते १८९४ पंतप्रधान होते. अर्थखातेही त्यांच्याकडेच होते. १८८६ मध्ये लिएज आणि शार्लरुआच्या कामगारांचा उद्रेक झाला, त्यानंतर १८८९ मध्ये त्यांच्या सरकारने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामाला लावण्यास बंदी करणारा कायदा आणला. कळवळा असलेला माणूस होता, यात मला शंका नाही.

आणि याच माणसाच्या हातून १८८५ चा ठराव झाला. बेल्जियमच्या राजाला दुसऱ्या राज्याचेही प्रमुख व्हायचे असेल, तर राज्यघटनेप्रमाणे दोन्ही सभागृहांची संमती लागत असे. दुसऱ्या लिओपोल्डला काँगो हवा होता. ती संमती बेर्नार्ट यांच्या सरकारने त्या एप्रिलमध्ये मिळवून दिली. बेल्जियम आणि नवे राज्य यांचा संबंध केवळ राजाच्या व्यक्तीपुरता राहील, असे त्यात म्हटले होते. मी ते वाक्य वकिलाच्या नजरेने पुन्हा पुन्हा तपासले आणि त्यात मला बेकायदा काहीच सापडले नाही. परंतु काँगोत रबरासाठी गावेच्या गावे वेठीला धरली गेली, माणसांचे हात तोडले गेले, तेव्हा ब्रुसेल्सची संसद त्या 'केवळ'च्या आडोशाला बसून राहू शकली. १८९० मध्ये त्यांच्याच सरकारने त्या राज्याला अडीच कोटी फ्रँकचे कर्जही दिले. पुढे १९०१ मध्ये, पंतप्रधानपद सुटल्यानंतर, काँगो राजाकडून काढून देशाच्या ताब्यात घ्यावा यासाठी त्यांनी स्वतःच प्रयत्न केला, तो राजाने हाणून पाडला, आणि ते प्रत्यक्षात यायला १९०८ उजाडले. एक ठराव दुरुस्त व्हायला तेवीस वर्षे लागली, मृणाल, आणि ती वर्षे दुसऱ्यांनी भोगली.

ब्रुसेल्सच्या नोकरीतल्या तुमच्या पक्षकार कंपनीचा कोबाल्ट काँगोतूनच येतो, असे तू सहज बोललीस आणि मला पुढचे ऐकवेना. 'मी फक्त मसुदे तपासणार, बाबा, खाण थोडीच चालवणार?' असे तू म्हणालीस. बेर्नार्ट यांनी तरी रबराचा मळा कुठे चालवला होता? बघ, लिहिणार नव्हतो आणि लिहून बसलो.

सिन्नरची फाईल मी अजून का जपून ठेवली आहे, असे तू एकदा विचारले होतेस. एका पक्षकाराच्या सांगण्यावरून मी त्याच्या विधवा बहिणीचे हक्कसोडपत्र लिहिले होते. मुद्रांक बरोबर होता, साक्षीदार बरोबर होते, दुय्यम निबंधकांसमोर तिचा अंगठाही रीतसर उमटला होता. मी तिला मजकूर वाचून दाखवला. समजला का, हे मात्र विचारले नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्यावर ती एकदा आपल्याकडे आली, पायरीवर बसली, तुझ्या आईने दिलेले पाणी प्यायली आणि काही न बोलता निघून गेली. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

हे तुला धाक घालण्यासाठी सांगत नाही. न्यायालयात समोरच्याला उलटतपासणीत धरावे तसे मी तुला धरतो, हे दादाचे म्हणणे खरे आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

बेर्नार्ट यांची दुसरी बाजू तुझ्यामुळेच मला कळली. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत युद्धाचे नियम ठरत होते, तेव्हा सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी छोट्या देशांच्या वतीने हरकत घेतली की चाल करून येणाऱ्या सैन्याचे हक्क हरणाऱ्याने आधीच लिहून देऊ नयेत. त्या वादातून निघालेले रशियाचे प्रतिनिधी मार्टेन्स यांचे कलम तू मला गेल्या वर्षी समजावून दिलेस: नियमांत जे बसले नाही, तिथेही माणुसकीचे कायदे आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी माणसाच्या पाठीशी राहतील. तू बोलत होतीस आणि मी वहीत टिपून घेत होतो. पस्तीस वर्षे वकिली करून मला जे कोणी शिकवले नाही ते माझी मुलगी शिकवते आहे, या आनंदात त्या रात्री मला झोप आली नाही. 'केवळ'चा ठराव आणणारा आणि ही हरकत घेणारा माणूस एकच होता, हे मात्र मला अजून उलगडलेले नाही.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा, आग्रह स्वपक्षाने मानला नाही म्हणून १८९४ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडले. १९०९ मध्ये ऐंशीव्या वर्षी शांततेचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. १९१२ मध्ये जिनिव्हाच्या आंतरसंसदीय परिषदेत हवाई युद्धाच्या बंदीसाठी बोलून परतताना ते लुसर्नला न्यूमोनियाने गेले. (तुझा खोकला अजून थांबलेला नाही असे कळते, डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.) त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९१४ मध्ये, नागरिकांनी गोळ्या झाडल्या असे सांगून जर्मन सैन्याने लुवेन पेटवले आणि विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले. तू रोज त्या गावातून चालतेस.

त्यांच्याच कारकिर्दीत, १८८८ मध्ये, मारी पोपेलँ यांना केवळ स्त्री म्हणून ब्रुसेल्सच्या न्यायालयाने वकिलीची शपथ घेऊ दिली नाही. तिथे ते दार १९२२ मध्ये उघडले आणि आपल्या नाशिकात जन्मलेल्या वकील कॉर्नेलिया सोराबजींसारख्या स्त्रियांसाठी इथले १९२३ च्या कायद्याने. सनद घेऊन तू घरी आलीस, तेव्हा मी तुला फक्त 'डगला इस्त्रीला टाक' एवढेच म्हणालो होतो. मला जे म्हणायचे होते ते तेव्हा जमले नाही आणि परवाही जमले नाही.

नोकरीचा करार आला की मला पाठव, अशी विनंती आहे. सही करायची की नाही हे तूच ठरवायचे. ज्या गावांतून तो माल निघतो त्यांची नावे तुमच्या कागदांत असतात का, एवढे मात्र विचारून ठेव. आईने मेतकूट आणि ओव्याची पूड पाठवली आहे. रविवारी फोन कर. तुझे सांगून होईपर्यंत मी ठेवणार नाही.

तुझा,
बाबा