माझ्या डोक्याची काळजी नको, तुझ्या डोक्याचं बघ

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर घालून दिलेला कोड्यांचा खेळ मी रोज खेळतो. आधी एकेका कोड्याशी झटायचो, आता भराभर सुटतात. पण म्हणून डोकं तल्लख झालं म्हणशील तर तसं नाही. तेच तेच सोडवून माणूस त्या खेळात तरबेज होतो, भाजीचा हिशेब काही त्यामुळं लवकर जमत नाही. असल्या खेळांवर जे संशोधन झालंय त्याचाही सूर बराचसा असाच आहे. तेव्हा पुढच्या वर्षाचे पैसे भरू नकोस.

मी सध्या मोडी शिकतोय. तुझ्या पणजोबांचे कागद ट्रंकेत तसेच पडलेत, ते वाचायचे आहेत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली होता होईल तो लेखणी न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षरं ओळखून भागत नाही, शब्द कुठं तुटतो ते मजकुरावरून ताडावं लागतं. परवा एका वाटणीच्या कागदात ‘विहिरीततीनवाटे’ असं आलं. माझ्या शेजारी कॉलेजचा एक पोरगा बसतो. अक्षरं त्यानं माझ्या कितीतरी आधी लावली आणि वाचलं, ‘विहिरीत ती न वाटे’! सगळा वर्ग हसला. भावाभावांत विहिरीचेही वाटे पडतात, हे त्या शहरातल्या पोराला कुठून ठाऊक असणार?

वयाचं हे असंच असतं बघ. वेग उतरतो, पण शब्दांचा आणि अनुभवाचा साठा बराच काळ टिकतो. अडतीत होतो तेव्हा कुणाच्या गुळाचे किती रवे, काय भावानं गेले, सगळं तोंडपाठ असायचं. आता ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं आणि घटकाभरानं आपसूक आठवतं. याला मी भीत नाही. रोजच्या वाटेनं येताना घर चुकायला लागलो किंवा सुट्टे पैसे मोजता येईनात, तर मात्र मला डॉक्टरकडं ने.

कानाचं मशीन लावल्यापासून फरक पडलाय तो घरात. तुझी आई आता एकदाच बोलते. करवीर नगर वाचन मंदिरात पेपर वाचून झाला की गप्पांत मलाही ओढतात, नाहीतर मी नुसती मान हलवायचो. (१८५० सालची संस्था, पण वाद अजून ताजे असतात.) ऐकू येईना की माणूस चार माणसांतून उठतो, आणि एकटेपण डोक्याला वाईट.

आता मुद्द्याचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण आपल्याला आवरता येणारी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. एकाच माणसाला अशी हमी कुणी देत नाही, हेही खरं. पण यादी नीट वाचलीस तर त्यातली बरीच कारणं माझ्या वयाची नाहीत, तुझ्या वयाची आहेत. रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं वजन, दारू-तंबाखू, बसून राहणं, डोक्याला मार, कमी होत जाणारी श्रवणशक्ती. माझ्या वाट्याला मुख्यतः एकटेपण, अंधूक नजर आणि हवेतलं प्रदूषण. म्हणजे तू मला कोडी पाठवतोस आणि खरं काम तुझ्याच अंगणात पडलंय!

चाळिशीपासूनच वरचा रक्तदाब १३०च्या आत ठेवायला हवा, असं तीच मंडळी आधीपासून सांगत आलीत. तुझा मागच्या दिवाळीला किती होता ते तू सांगितलं नाहीस, पण सूनबाईनं सांगितलं. गोळी लिहून दिली असेल तर ती घ्यायची, मनानं बंद करायची नाही. गाडीवर हेल्मेट घाल, पुलाच्या अलीकडं जायचं असलं तरी. कानात ती बोंडं घालून मोठ्यानं गाणी ऐकतोस, त्याचा आवाज कमी कर. आणि रात्री एकला मेसेज टाकत जाऊ नकोस, तेव्हा माणसानं झोपायचं असतं.

साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. जमलं तर बी-१२ पण बघून घे, तू शाकाहारी झालायस म्हणून म्हणतो. गणपतीला येशील तेव्हा ट्रंकेतला एक कागद तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. सर्व्हे नंबर मला लागलाय, खालच्या सहीचं नाव अजून लागत नाही.

तुझे,
बाबा