टांगत्या कुंड्यांवर सरसकट बंदी नको

दि. 12 डिसेंबर

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे

विषय : बाल्कनीतील टांगत्या कुंड्या महिनाअखेर काढण्याच्या नोटिशीबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावरची सूचना वाचली. ग्रिलच्या बाहेर, रस्त्यावर लोंबणाऱ्या कुंड्या काढायलाच हव्यात, त्यात दुमत नाही. खाली मुलं खेळतात. लाल मातीने भरलेली 10 इंची टोपली पाणी प्यायली की सहज 8-9 किलोची होते, आणि ती पेलते कोण, तर उन्हाने विरलेली नायलॉनची दोरी! पण सूचनेत बाहेरच्या आणि आतल्या कुंड्यांना एकच न्याय लावला आहे. माझी हरकत तेवढ्यापुरतीच आहे.

रेलिंगच्या आत, स्लॅबला फास्टनर मारून साखळीवर टांगलेली टोपली कुणाच्या डोक्यात पडणार? मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत वापरलं तर वजन जवळपास निम्म्यावर येतं.

खालच्या मजल्यावरच्या वाळत्या कपड्यांवर पाणी टपकतं, ही तक्रार खरी आहे. टांगत्या कुंडीला चहूबाजूंनी वारा लागतो, ती लवकर सुकते, म्हणून लोक वरून तांब्याने पाणी ओततात आणि ते सरळ खाली जातं. त्यापेक्षा टोपली उतरवून दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवायची, मोरीत निथळू द्यायची आणि मग टांगायची. मी असंच करते. (मे महिन्यात एसीच्या नळ्यांतूनही पाणी टपकतं. त्यावर नोटीस निघाल्याचं आठवत नाही.)

डासांचा मुद्दा मात्र सूचनेत यायला हवा होता. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. बश्या आठवड्यातून एकदा पुसून कोरड्या करण्याची सक्ती जरूर करा.

आता वेळेबद्दल. पुण्यात टांगत्या टोपल्यांचा खरा हंगाम हाच आहे. पिटुनिया थंडीतच बहरतो. चिनी गुलाब आणि सदाफुली एरवीही साथ देतात, पण स्ट्रॉबेरीचं तसं नाही. महाबळेश्वरकडची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची, डिसेंबरात फळ धरू लागतं आणि मार्चपर्यंत चालतं. तिची मुळं उथळ, त्यामुळे सात-आठ इंच खोली पुरते. फक्त रोपाचा गाभा, म्हणजे पानं फुटतात तो मधला भाग, मातीत गाडला जाऊ नये, नाहीतर कुजतो. फळ ओल्या मातीला टेकलं की सडतं, म्हणून तिकडचे शेतकरी गादीवाफ्यांवर मल्चिंगचा (माती झाकायचा प्लास्टिकचा) कागद अंथरतात. टोपलीत फळ कडेवरून आपसूक खाली लोंबतं, त्यामुळे टांगण्यात नुसती हौस नाही, सोयही आहे. आपण कबुतरांसाठी लावलेल्या जाळीमुळे बुलबुलांपासूनही फळं वाचतात. आज माझ्या रोपांवर फुलं आणि हिरवी फळं दोन्ही आहेत. महिनाअखेर ती उतरवून खाली ठेवली, तर कठड्याच्या सावलीत त्यांना ऊन मिळणार नाही.

तेव्हा विनंती अशी की बाहेरच्या कुंड्या आठवडाभरात काढायला लावाव्यात. आतल्यांना साखळी, हलकं मिश्रण आणि कोरडी बशी या अटींवर परवानगी द्यावी. पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस, सगळ्या टोपल्या आम्ही स्वतःच उतरवू. हुक तपासायला समितीने कोणालाही पाठवावं, मी दार उघडेन.

येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तोवर वॉचमनकरवी कोणाच्याही कुंड्या उतरवू नयेत.

कळावे,

आपली विश्वासू,
सदनिकाधारक, बी विंग, चौथा मजला