तांब्याची नाणी वाचून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या डब्यातली तांब्याची नाणी तुम्ही ज्या आस्थेनं पाहिलीत, त्याबद्दल फोनवर नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

आमच्या सोलापूरकडे बहमनी तांबं नवं नाही. गुलबर्गा, बीदर या बहमनी सुलतानांच्या राजधान्या तशा जवळच. पण ज्याला दाखवावं तो "बहमनी आहे" एवढं सांगून परत करायचा. कुठल्या सुलतानाचं, या खोलात कोणी शिरत नसे. सोन्याचांदीच्या नाण्यांचं कौतुक सगळ्यांना. बाजारात रोज हातोहात फिरलं ते मात्र तांबंच, आणि तेच बिचारं मोडीत जातं.

तुम्ही एकेक नाणं तिरप्या उजेडात फिरवून पाहिलंत, वजन केलंत आणि कागदावर दिसतील तेवढीच अक्षरं उतरवलीत. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीवर उमटतच नाही, हेही समजावलंत. त्या काळपट नाण्यावर 'अहमद शाह बिन अहमद शाह', म्हणजे अहमदशाहाचा मुलगा अहमदशाह, असं दिसत होतं. दुसरा कोणी असता तर दुसऱ्या अहमदशाहाचं (१४३६–१४५८) म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही थांबलात. त्याचा मुलगा हुमायूनशाह (१४५८–१४६१) नाण्यावर बापाचं आणि आजाचं, दोघांचंही नाव घालतो, आणि दोघंही अहमद! 'हुमायून' चकतीबाहेर गेलं की उरतं ते नेमकं एवढंच. मग भिंगाखाली तुम्ही पहिल्या 'अहमद'च्या आधी, अगदी कडेला, 'बिन'मधल्या नूनचा, म्हणजे अरबी लिपीतल्या 'न'चा, तुटका बाक दाखवलात. तेवढ्या बाकावरून नाणं मुलाच्या नावावर आलं. तरीही पाकिटावर तुम्ही लिहिलंत: "हुमायूनशाह. हिजरी सन दिसत नाही." न दिसलेला सन अंदाजानं भरला नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

चिंच लावून घासायचं नाही, हे तुम्ही आईला हात जोडून सांगितलंत, ते तिनं मनावर घेतलंय. डबा आता देवघराशेजारी नसतो, माझ्या कपाटात असतो.

निजामशाही नाणी अजून राहिलीत. टांकसाळ अहमदनगर की बुऱ्हाणाबाद, एवढं तरी लागावं अशी फार इच्छा आहे. दिवाळीनंतर घेऊन येतो. आईनं तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटायचं ठरवलंय.

आपला,
सोलापूरचा पुतण्या