लशीला थंड पेटी, इन्सुलिनला बसची डिक्की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक आरोग्य केंद्रांत 29 वर्षे औषधनिर्माता होतो. आता चोपड्यात पुतण्याच्या मेडिकलवर बसतो. गेल्या मे महिन्यात पुण्याहून रात्री निघालेले इन्सुलिनचे पार्सल खासगी बसच्या डिक्कीतून, गाड्या बदलत, दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. हमाल म्हणाला, "आप्पा, हाई खोकं तपेल शे." उघडले तर बर्फाच्या पिशवीचे कोमट पाणी झालेले. कुप्या मात्र स्वच्छ, नितळ. इन्सुलिनचा जोर उन्हाने गेला तरी बहुतेकदा डोळ्यांना कळत नाही. पेशंटची साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि म्हातारीला घरचे विचारतात की गोड खाल्लेस का.

माल परत केला. "बाकी सगळे घेतात, तुमचंच काय?" असे फोनवर ऐकून घेतले. त्या कुप्या पुढे कुणाच्या दुकानात गेल्या असतील, हा विचार अजून झोप मोडतो.

इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. आपल्याकडे मेमध्ये पारा 45 गाठतो, बंद डिक्कीत त्याहून जास्त. साध्या गोळ्यांच्या पाकिटावरही '30 अंशांखाली ठेवा' असे छापलेले असते.

हे आपल्याला जमत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. लशींचे पाहा. लस ठेवायच्या खास फ्रिजला (आयएलआर) दिवसाकाठी आठ तास वीज मिळाली तरी आतली थंडी टिकते. तापमान रोज दोनदा नोंदवायचे, सुट्टीच्या दिवशीही. पोलिओच्या कुपीवर व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण असते; तिच्या वर्तुळात एक चौकोन असतो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर सिस्टर खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर अडकवून डोंगर चढतात आणि लस थंड पोहोचते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिनही 2 ते 8 अंशांतच राहायला हवे, पण ते सलाईनच्या खोक्यांसोबत उघड्या टेम्पोतून आलेले मी स्वतः उतरवून घेतले आहे. इंजेक्शन देऊनही गर्भाशय आवळत नाही, तेव्हा मध्यरात्री अ‍ॅम्ब्युलन्स शोधणाऱ्या नवऱ्याला हे कोण सांगणार?

जागतिक आरोग्य संघटनेने औषध वितरणाचे निकष 2010 मध्ये दिले, 2020 मध्ये साठवणुकीसह नव्याने मांडले. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेनेही 2018 मध्ये मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला होता. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातले एक औषध निकृष्ट किंवा बनावट असावे, असा आरोग्य संघटनेचा 2017 चा अंदाज आहे. कारखान्यातून चांगले निघालेले औषधही वाटेत निकृष्ट होते, हे मी हाताने अनुभवले आहे.

थंडीत ठेवायच्या औषधाच्या प्रत्येक खोक्यावर तापमान दाखवणारी पट्टी सक्तीची करा. ती बदललेली दिसली तर माल नाकारण्याचा हक्क दुकानदाराला द्या, आणि परत गेलेला माल पुन्हा विकला जाणार नाही अशी लेखी नोंद ठोक विक्रेत्याच्या परवान्याच्या अटीतच घाला. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी मेमध्ये एक दुपार पार्सल उतरते तिथे थर्मामीटर घेऊन उभे राहावे. मी सोबत यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, चोपडा (जि. जळगाव)