कांतालच्या शेजारीणबाईंना, मनापासून थँक्यू

नमस्कार मादाम,

हे मराठीत लिहितेय, तुमची नात फोनवर भाषांतर करून वाचून दाखवेलच, पण खरं म्हणजे आपल्याकडच्या लोकांना तुमच्याबद्दल सांगायचंय म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तर मंडळी, कांताल म्हणजे फ्रान्सच्या मधोमध असलेला एक भला मोठा विझलेला ज्वालामुखी. प्वी मारी हे तिथलं फेमस शिखर, १७८३ मीटर. दगड काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच, आणि सालेर्स गावाच्या बाजूची जुनी घरंही त्याच दगडाची. मी शाळेत इंग्रजीची असिस्टंट म्हणून गेलेले, शाळा तालुक्याच्या गावात आणि परवडणारी खोली मिळाली ती या छोट्याशा गावात, जिथे ना दुकान ना धड बस, पावाची गाडी हॉर्न वाजवत यायची तेवढीच. पहिल्याच आठवड्यात तुम्ही दार वाजवलंत आणि म्हणालात, मी बाजाराला चाललेय, बस गाडीत. मग ते नेहमीचंच झालं. बाजारात प्रत्येकाला "ही आमच्याकडची" असं सांगायचात, त्यामुळे पुढच्या वेळी चीजवाला माझ्याशी स्वतःहून बोलायला लागला (नाहीतर तिथे आधी बोंजूर म्हटल्याशिवाय कोणी बघत पण नाही).

पण सगळ्यात जास्त थँक्यू कशासाठी, तर तुमच्या भाच्याच्या गोठ्यावर नेलंत त्यासाठी. सालेर्स जातीच्या त्या गडद तांबड्या, लांब शिंगांच्या गाई, वासरू जवळ असल्याशिवाय पान्हाच सोडत नाहीत! आधी वासराला थोडं पिऊ द्यायचं, मग त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं, वासराच्या पाठीवर मीठ टाकायचं म्हणजे गाय ते चाटत बसते आणि तेवढ्यात धार काढायची. माझ्या आजोळी पण वासराला आधी प्यायला सोडायचे, ते बघून मला एकदम भरून आलं, तुम्ही काहीच विचारलं नाहीत, नुसता रुमाल दिलात. दूध लगेच लाकडी पिंपात, त्याला जेर्ल म्हणतात, विरजण बाहेरून घालायचं नाही, लाकडात मुरलेले जंतूच ते काम करतात. हे सालेर्स चीज फक्त १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर, गाई कुरणात चरत असतात तेव्हाच बनतं, आणि मी ऑक्टोबरात पोचले म्हणून बघायला तरी मिळालं.

आणि हो, त्रुफाद! बटाटे, ताजं चीज, लसूण. त्यात डुकराचं मांस घालतात एवढं कळल्यावर मी गप्प बसले होते, तर तुम्ही माझ्यासाठी वेगळी कढई चढवलीत आणि काकांनाही तीच वाढलीत, ते बिचारे कुरकुरत जेवले. त्यांनाही सॉरी आणि थँक्यू.

थंडीत बर्फ पडून वरचा घाट बंद झाला तेव्हा लाकडं आणून ठेवायचात, त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. ते मी विसरलेले नाहीये.

गोडा मसाला पोस्टाने पाठवलाय, बटाट्यात घालून बघा, आधी अर्धाच चमचा. रविवारी फोन करते, तुमची जेवणाची वेळ सोडून.

तुमची,
वरच्या खोलीतली