लॅबना तात्पुरतं घर देणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

आमच्या बचाव गटाकडून दत्तक गेलेल्या लॅबचा, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याचा, फोटो आम्ही टाकतो तेव्हा त्यात कुत्रा असतो, नवं कुटुंब असतं आणि अभिनंदन आमचं होतं. आमच्या हाती लागल्यापासून त्या फोटोपर्यंतचे आठवडे तो तुमच्या घरात काढतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आभार तर मानायचेच आहेत. पण तुम्ही नेमकं काय करता तेही इतरांना कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आमचा गट फक्त लॅब्रॅडॉरसाठी काम करतो, कारण एका जातीत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि ते ओळखायला डोळा तयार होतो. पिल्लू म्हणून हौसेनं आणलेला आणि तीस किलोचा झाल्यावर नकोसा झालेला नर. दर माजाला पिल्लं काढून घेतलेली आणि आता उपयोग नाही म्हणून सोडून दिलेली मादी. बदली झाली, बाळ झालं म्हणून देवळापाशी बांधून ठेवलेला म्हातारा. पिल्लं काढून विकणाऱ्या ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, असं 2017 चे केंद्राचे नियम सांगतात. तुमच्याकडे येणाऱ्या माद्यांची अवस्था पाहिली की ते नियम कुठवर पोचलेत ते समजतं.

हाडं दिसणाऱ्या कुत्र्याला पोटभर वाढू नका, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. तुम्ही पहिल्या दिवशी गरजेच्या जेमतेम पाव भाग देता, तोही पाच-सहा वेळा थोडा थोडा, आणि आठवडाभरात वाढवत पूर्ण मापावर आणता. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भात-पोळी गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि दोन-चार दिवसांत चांगला खाणारा कुत्रा कोसळतो. त्यात हा लॅब. त्याची भूक खरं सांगेलच असं नाही. साधारण चारांतल्या एका लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा नसतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट मिळत नाही, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. त्याच्या त्या डोळ्यांकडे बघत वाटी बाजूला ठेवायला किती मन घट्ट करावं लागतं, ते आम्हाला माहीत आहे. अति लठ्ठ लॅब आला तरी तुमची शिस्त तीच: आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरवायचं, त्याहून घाई नाही. वजनासाठी तुम्ही शोधलेला धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा आता आम्ही सगळ्यांना सुचवतो. दर वेळी काटा तोच असला की झालं.

टिक फीवरमध्ये तुमचा सगळ्यात मोठा हातभार असतो. गोचिडीतून आलेल्या एर्लिकिया या जंतूवर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक 28 दिवस लिहून देतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, कुत्रा शेपटी हलवत जेवायला येतो आणि बहुतेक घरांत गोळी तिथेच थांबते. मग काही आठवड्यांनी प्लेटलेट्स पुन्हा घसरतात, हिरड्यांवर नाहीतर पोटावर लाल ठिपके उमटतात, कधी नाकातून रक्त येतं. तुमच्याकडे गोळी अठ्ठावीस दिवस पुरी होते आणि नीट दिली जाते: जेवणानंतर, कारण रिकाम्या पोटी उलटी होते, वर थोडं पाणी किंवा दोन घास, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, आणि दूध, दही, पनीर त्या वेळेपासून लांब, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. दह्यात गोळी लपवणं सगळ्यांना सोपं वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. प्लेटलेट्स सुधारल्याशिवाय नसबंदीची तारीख घ्यायची नाही, हा आग्रहही तुमचाच.

नसबंदी न झालेल्या मादीचं पाणी तुम्ही मापाच्या जगनं भरता आणि रात्री उरलेलं मोजता. गर्भाशयात पू होण्याचा आजार बहुधा माज संपल्यावर चार ते आठ आठवड्यांत उमटतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर स्राव दिसतच नाही. दिसतं ते एवढंच, की ती जेवण टाकते आणि पाणी फार पिते. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे 28 किलोच्या मादीनं 2.8 लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर सकाळची वाट न बघता सोनोग्राफी. अशा माद्या वेळेत ऑपरेशन टेबलावर पोचल्या, त्या तुमच्या या मोजण्यामुळे.

म्हाताऱ्यांसाठी तुम्ही गुळगुळीत फरशीवर मॅट अंथरता, खाली रबराची जाळी घालून, कारण नुसता गालिचा कमरेनं अधू लॅबसकट घसरतो. भुंकणं घोगरं झालं, थोड्या चालण्यात घरघर लागली, तर ते वयावर न ढकलता तुम्ही आम्हाला कळवता. वयस्कर लॅबमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात वरचेवर दिसतो. अशा कुत्र्याला गळ्यातला पट्टा नको, हार्नेस हवा, आणि दुपारच्या उन्हात फेरी अजिबात नको. पावसाळ्यात कान कोरडे ठेवणं, कानात आंबूस वास आला की घरचे थेंब न टाकता दाखवायला नेणं, हे तर तुमच्या हातवळणीचं झालंय.

आणि तुमची वही. आम्ही विचारण्याआधीच तुम्ही ती सुरू केलीत. "कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जाते. लिफ्टमध्ये शिरत नाही, जिना उतरते. हेल्मेट घातलेल्या माणसावर भुंकते, हेल्मेट काढलं की गप्प. जेवताना दुसरा कुत्रा जवळ आला तर अंग ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. माणसाला काही करत नाही. पाच मिनिटं एकटी शांत, वीस मिनिटांनी दार खरवडलं." या पाच ओळींवरून घर ठरतं: खालचा मजला, दुसरा कुत्रा नाही, दिवसभर कोणीतरी घरी. कुत्रा परत येतो तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि कारण बहुधा असं असतं की नव्या घराला ते आधी माहीतच नव्हतं. लॅब म्हणजे सगळ्यांशी गोड, या समजुतीवर कुत्रा देऊ नका, हे तुम्ही आम्हाला ठणकावून सांगितलंत, ते बरं केलंत. फार्महाऊसवर राखणीला लॅब मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, त्यातही तुमचा आवाज आहे.

सुपूर्द करतानाचे तुमचे नियम आम्ही जसेच्या तसे घेतलेत. दोन दोऱ्या, एक हार्नेसला आणि एक पट्ट्याला, कारण घाबरलेला कुत्रा मागे सरून पट्ट्यातून डोकं काढतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून. दिवाळीच्या आठवड्यात कोणालाही कुत्रा द्यायचा नाही. नव्या घराच्या हातात रेबीजच्या लसीचं कार्ड, नसबंदीचा कागद, वहीची प्रत आणि महापालिकेच्या परवान्याचा अर्ज, सगळं एकाच पिशवीत.

औषधं, खाणं, रात्रीअपरात्रीचा दवाखाना हा खर्च गटाचा आहे, काकू. बिलं तुमच्याकडे ठेवून घेऊ नका, लगेच पाठवत जा. तुमच्या वहीवरून आम्ही तात्पुरत्या घरांसाठी छापील नोंदवही तयार करतोय. पाणी, वजन, शी, गोळीची वेळ, आवाज, एकटं राहणं, जेवताना वागणं, जिना-लिफ्ट, इतके रकाने घेतलेत. छापायला देण्याआधी एकदा नजर टाका आणि काय राहिलंय ते पेन्सिलनं लिहून द्या.

तुमचे,
लॅब बचाव गटातले सगळे