पैसे कुठवर पुरतील ते आधी सांग

दांडिया बाजार, वडोदरा
४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुमे,

पत्रास कारण की काल माझी पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत झाली आणि तिथे एका परीक्षकाने तुझंच वाक्य मला ऐकवलं. बारा वर्षांपूर्वी सूरसागरच्या कठड्यावर शेव-उसळीचा द्रोण हातात धरून तू म्हणाली होतीस, "पैसे कुठवर पुरतील ते आधी सांग, मग विषय सांग." काल ते गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, "विषय नंतर बघू. पैसे कुठवर पुरतील ते आधी सांगा." मी गप्प. डोळ्यांपुढे फक्त तू आणि तो द्रोण.

फोन करणार होते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि जुलैतल्या तुझ्या मेसेजला सहा आठवडे उत्तर न दिल्यावर फोन करायचा धीरही होत नव्हता. म्हणून कागद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच, बाबांची साखर आटोक्यात. गौरी परवा गेल्या, यंदा सोळा भाज्या मी एकटीने निवडल्या, माईंना आता उभं राहवत नाही. तू नव्हतीस म्हणून पुरणपोळ्या उरल्या, हे माईंचं वाक्य जसंच्या तसं कळवते आहे.

आता मूळ गोष्ट. आपल्या वेळी नेट परीक्षा म्हणजे एक तर जेआरएफ, म्हणजे दरमहा पैसे देणारी संशोधनाची फेलोशिप, नाही तर नुसती प्राध्यापकीची पात्रता. २०२४ पासून तिसराही कप्पा झाला आहे, फक्त पीएच.डी. प्रवेशापुरता. जुलैच्या निकालात मी त्या तिसऱ्या कप्प्यात आले. गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०, आणि हे गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात. म्हणजे यंदा नाही तर पुन्हा परीक्षा. जेआरएफचं दार तर बंदच झालं. वयाची अट ३०, बाईला ५ वर्षांची सूट, आणि मी छत्तीसची. ओवीच्या वेळी एक संधी हुकली, दुसऱ्यांदा थोडक्यात राहिले. आज जेआरएफवाल्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. तुला १६,००० होते, आठवतं? आणि ते १६,००० सुद्धा आठ महिने आले नव्हते. अण्णा दवाखान्यात होते आणि तू रोज पासबुक भरून आणायचीस.

सुमे, त्या आठ महिन्यांत मी तुला काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. तू बँकेची परीक्षा दिलीस, पास झालीस, आणि मी तुला भित्री म्हटलं. पोथी टाकून पोळीमागे धावलीस असंही म्हटलं. तू म्हणालीस की पोळी मीच भाजते आहे, तुझ्या घरी आई भाजते. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली, आपण बोललो नाही. आज लिहून देते, तू बरोबर होतीस. मी तेव्हा आई-बाबांच्या घरात राहून, त्यांच्या पंख्याखाली बसून तुला निष्ठा शिकवत होते. हे मला फार आधी कळलं होतं, सांगायला काल उजाडला.

(मोडीच्या वहीवरून झालेलं भांडण मात्र मी मागे घेत नाही. ती वही माझी आहे. मुखपृष्ठावर माझ्या हातचा गणपती आहे.)

विषय तोच, आपण सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवर बसून ठरवला तो. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात. जो मूल शाळेत पाठवणार नाही त्याला दंड. या सक्तीचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही करते. मला बघायचं आहे ते दंड भरणाऱ्या घरांकडे. मुलीला शाळेत पाठवावं तर धाकट्या भावाला कोण सांभाळणार, शेणी कोण थापणार, याचा हिशेब त्या घरात कसा झाला असेल? आराखड्यात मी चार ठिकाणं लिहिली होती: वडोदऱ्याचं दफ्तर, अमरेलीकडच्या जुन्या शाळा, मुंबई, आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी, कारण बडोदा रेसिडेन्सीचे, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचे कागद तिथे आहेत. परीक्षकांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. रागावून नाही, हे सांगायला हवं. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. अशी किती मुलं तिसऱ्या वर्षी दिसेनाशी झालेली त्यांनी पाहिली असतील!

घरी येऊन रात्री दीडपर्यंत हिशेब मांडत बसले. गुजरात सरकारची शोध योजना आहे, महिना १५,००० आणि पुस्तकं-प्रवासाला वर्षाचे २०,०००, दोन वर्षं. पण ती पूर्णवेळ विद्यार्थ्याला, म्हणजे शाळा सोडावी लागणार. शाळेत मला २८,००० मिळतात. दोन वर्षांचे ६ लाख ७२ हजार जातात, ३ लाख ६० हजार येतात. मधले ३ लाख १२ हजार कुठून आणायचे? आणि तिसऱ्या वर्षी तर काहीच नाही. फ्लॅटचा हप्ता १४,०००. नितीन म्हणतो, सोड नोकरी, बघू काय ते. तो प्रेमाने म्हणतो, पण हप्त्याच्या तारखेला त्याचा चेहरा मी बघते ना. महाराष्ट्रातल्या बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपा तिथल्या रहिवाशांना आहेत. ते रास्तच आहे, आपले पणजोबा चार पिढ्यांमागे इकडे आले, आपण गुजरातचेच. इतिहास अनुसंधान परिषद अभ्यासप्रवासाला अनुदान देते, नोंदणी झाली की तिथे अर्ज टाकणार. पण अनुदानावर प्रवास होतो, ओवीची फी भरली जात नाही.

पहाटे बाबा उठून आले. काही विचारलं नाही. देवघरात गेले आणि मुदतठेवीची पावती आणून माझ्या वहीवर ठेवली. आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेली, तुला माहीत आहे ती. मी ती परत देवामागे सरकवून आले. ते म्हणाले, "मी कारकुनी केली ती तू कागद वाचावेस म्हणून." सुमे, मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणीक मळत बसले.

खरी भीती मात्र पैशांची नाही, आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगितलं तर हसतील. मला भीती आहे ती माझा प्रश्नच छाटला जाण्याची. काटकसर करायची म्हटलं की पहिलं लंडन जातं, मग मुंबई, मग अमरेली. उरतं वडोदऱ्याचं दफ्तर. रिक्षाने जायचं, डबा खायचा, परत यायचं. त्या कागदांत अधिकारी बोलतात: अमुक ठिकाणी इतका दंड, इतका वसूल, इतका बाकी. तेवढ्यावर प्रबंध होईल, पदवीही मिळेल. पण तो दरबारच्या नजरेतून लिहिलेला होईल आणि मी ज्या घरांसाठी निघाले ती घरं त्यात नसतील. गेल्या वर्षी हेतलबेनच्या भावाच्या लग्नाला अमरेलीकडे गेले होते ना, तेव्हा गावच्या शाळेत एक पत्र्याची ट्रंक उघडून पाहिली होती. आत वाळवीने खाल्लेलं हजेरीपत्रक. मुखपृष्ठ नाही, साल नाही. एका मुलीच्या नावापुढे ओळभर 'गेरहाजर, गेरहाजर, गेरहाजर', आणि पुढच्या पानावर तिचं नावच नाही. त्या ओळीसाठी मला हा विषय हवा आहे. पैसे दोन वर्षांचे असले की सगळ्यात आधी ती ट्रंक यादीतून जाते, कारण तिथे काही मिळेलच याची हमी नाही.

रोज कमाटीबागेवरून शाळेत जाते. संकल्पभूमी या बाबासाहेबांच्या स्मारकातल्या वडाकडे आज जरा थांबून पाहिलं. बाबासाहेबांना इथूनच १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड मिळाले, तीन वर्षांसाठी, बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परत आले. इथे नोकरी होती पण राहायला जागा कोणी दिली नाही, हे आपल्या गावाच्या माथ्यावर कायमचं आहे. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले ५,००० रुपये कर्ज घेऊन. त्यांच्या वाट्याला जे आलं त्याच्या शेजारी मी माझी अडचण ठेवत नाही, तेवढी समज आहे मला. पण त्या मित्रापाशी मी बराच वेळ थांबले, आणि तुझा मेसेज पुन्हा उघडला.

"महिना दहा हजार पाठवते, तीन वर्षं, परत नकोत." यावर मी सहा आठवडे गप्प! वाईट नव्हतं वाटलं गं. उलट तुझं स्वतःचं जे राहिलं ते तू माझ्या हातून पुरं करू बघते आहेस असं वाटलं, आणि ते ओझं मला उचलेल की नाही कळेना.

आज दुपारी दोन गोष्टी झाल्या. यादी लागली, त्यात नाव आहे. आपल्या सरांची निवृत्ती तीन वर्षांच्या आत असल्याने त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, पण त्यांच्याच विद्यार्थिनीकडे चारपैकी एक जागा मोकळी होती, ती मला मिळाली. आणि शाळेच्या मोठ्या बाई ना-हरकत पत्र द्यायला तयार झाल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. चालते. मुदत सहा वर्षं, बाईला वर दोन वर्षांची सवलत. मी अर्धवेळ करणार. पगार चालू राहील, बाबांची पावती देवामागे राहील, आणि शाळेची दिवाळीची २१ दिवसांची नि उन्हाळ्याची ३५ दिवसांची सुट्टी अमरेलीला देणार. लंडन आराखड्यातून काढलं नाही, शेवटच्या वर्षात ढकललं. परीक्षकांना हेच उत्तर लिहून दिलं: पैसे दर सुट्टीपुरते आहेत, काम आठ वर्षं चालेल.

तुझी बदली नाशिकरोडला झाली हे भाऊजींच्या स्टेटसवरून कळलं, अभिनंदन. कर्ज मागायला आलेल्यांना तू चहा पाजून परत पाठवतेस असं ते सांगत होते. अथर्वची दहावी यंदा ना? त्याला इतिहासाचं काही लागलं तर मला फोन करू दे. कंबरेकडे बघ, बाहेरचे हिशेब पुरे झाले.

आता तुझ्या दहा हजारांबद्दल. महिन्याला नकोत. पहिल्या फेरीचं गाडीभाडं आणि आठ दिवसांची खोली तू कर, ती मी हक्काने घेते. आणि भाऊबीज झाली की तू बरोबर चल. मोडी तू माझ्यापेक्षा भराभर वाचतेस, अजून वाचत असशील. ती ट्रंक दोघींनी उघडायची आहे. रजेचा अर्ज आत्ताच टाक, मग ऐन वेळी शाखेत ऑडिट निघतं.

वही घेऊन ये.

तुझी,
वृंदा